सात नंबरच्या खाटेची नक्कल

१२ जून

ताई,

सोमवारी सकाळी मी तुझ्या वॉर्डात होतो, हे तुला कळलं असेलच. रोजच्यासारखं दहा मिनिटं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, लॉजच्या खोलीला कुलूप लावलं आणि आठच्या आत नर्सिंग टेबलापाशी हजर झालो. तुझी ड्युटी दुपारी दोनला, माझी परतीची बस बाराला. त्यामुळे भेट झाली नाही.

कंपनीने मला मोठ्या जोखमीच्या कामगिरीवर पाठवलं होतं. आमचं हाकयंत्र तुमच्याकडे तीन महिने चालू आहे. पेशंटने खाटेजवळचं बटण दाबलं की ड्युटीवरच्या सिस्टरच्या खिशातला बझर थरथरतो, इतकं साधं. तीन महिन्यांत एक हाक चुकलेली नाही. तरी तुमचा वॉर्ड दर ड्युटीबदलाला, म्हणजे दिवसातून तीनदा, पडद्यावर नव्या सिस्टरचं नाव घालतो आणि लगेच यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो. का, तर "तशी सवय आहे." आठ तास चाललेल्याला जरा विश्रांती हवी म्हणे. ताई, ते यंत्र आहे, बैल नाही. शेवटी मी एक कागद घेतला, ठळक अक्षरांत लिहिलं, "मशीन कोणत्याही कारणाने बंद करू नये", खाली सही ठोकली आणि चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून पडद्याच्या वर डकवला. अडाणीपणाविरुद्ध एक लढाई जिंकल्याच्या समाधानात बसमध्ये बसलो.

त्याच दुपारी तुझ्या वॉर्डात सात नंबरच्या आजी पडल्या, असं आईकडून कळलं. आज तुझी चिठ्ठीही आली. "तुझ्या यंत्राला विचार, त्याने मला बोलावलं होतं का?" एवढंच लिहिलं आहेस. मी विचारलं. नोंद स्पष्ट आहे. चार वाजून दहा, बारा आणि चौदा मिनिटांनी सात नंबरचं बटण दाबलं गेलं, तिन्ही वेळा हाक गेली, जबाबदार सिस्टर म्हणून तुझं नाव.

तू त्रेपन्न वर्षांची आहेस, तीस वर्षं उभ्याने काम केलं आहेस. दुपारची वेळ. माणसाला डुलकी लागते, त्यात लाज कसली? चौकशी समितीपुढे मोकळेपणी सांगून टाक. खरं बोलणाऱ्याच्या मागे देव उभा राहतो.

तुझा धाकटा मामेभाऊ

———

१७ जून

पंतोजी,

डुलकीबद्दल दिलेल्या माफीबद्दल आभारी आहे. लहानपणी सगळ्यांना सगळं समजावून सांगायचास म्हणून तुला हे नाव पडलं, पण तू ते इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

आता मी झोपेत काय काय केलं ते ऐक. चार ते सव्वाचार मी बारा नंबरच्या पेशंटचं ड्रेसिंग करत होते. दोन्ही हातांत हातमोजे, समोर उघडी जखम, शेजारी तिची मुलगी बसलेली. बझर माझ्या डाव्या खिशात होता. तो हलला नाही. एकदाही नाही. सव्वाचारला धप्प आवाज आला. सात नंबरच्या आजी बाथरूमच्या दारात पडलेल्या. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, हाताने मशीन फिरवून दोन मुलं वाढवली. तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी उचलायला गेले तर म्हणाली, "तीनदा बटण दाबलं गं. तू आली नाहीस." एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मला निलंबित केलं आहे. पंधरा जुलैला चौकशी समिती बसणार. तुझं यंत्र सीलबंद केलंय, त्यामुळे सध्या वॉर्डात पेशंट तोंडाने हाका मारतात आणि सगळ्या ऐकू येतात.

आणखी एक. आमच्या वॉर्डातली सफाईवाली मावशी म्हणते, त्या दुपारी ती टेबलाचा ड्रॉवर पुसायला गेली तर आत काहीतरी गुरगुरत होतं. ड्युटी संपलेल्या सिस्टर आपापले बझर त्या ड्रॉवरमध्ये ठेवून जातात. मेट्रन तिला म्हणाल्या, "भुंगा शिरला असेल." मावशी म्हणाली, "भुंगा असता तर मी ओळखला असता." तिचा जबाब कुणी लिहून घेतला नाही. तिच्याकडे नोंद नाही ना.

आणि फोन करू नकोस. तुझ्या यंत्राकडे माझ्याविरुद्ध लेखी पुरावा आहे, माझ्याकडे नुसतं तोंड. तेव्हा यापुढे आपण कागदावरच बोलू.

मामीला माझं नाव काढून रडू नकोस म्हणावं.

ताई (जागी आहे)

———

२३ जून

ताई,

तुझा राग मी समजू शकतो. पण भुंग्यावर तर्क उभा करण्याआधी यंत्र कसं चालतं ते तुला सांगायला हवं, म्हणजे तुझा गैरसमज दूर होईल.

आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो तिच्यात वस्तूबरोबर तिची कामंही बांधलेली असतात. खाट ही एक वस्तू समज. तिच्याजवळ तिचा नंबर आणि तिच्या जबाबदार सिस्टरचं नाव असतं. "सिस्टरला बोलाव" हे तिचं काम. अशा कामाला मेथड म्हणतात. आता मजा बघ. ही मेथड खाटेपासून सोडवून, एखादा आकडा हातावर ठेवावा तशी दुसऱ्या कुणाच्या हातात देता येते. मग ती नुसतं एक फंक्शन, म्हणजे सुटं काम, होऊन राहते. कपाटात ठेवा, कुणालाही द्या, हवं तेव्हा चालवा. यंत्र सुरू झालं की मी सात नंबरच्या खाटेचं "बोलाव" घेतो आणि सात नंबरच्या बटणाला देऊन टाकतो. बटणाला खाट म्हणजे काय, सिस्टर म्हणजे काय, काही कळावं लागत नाही. त्याने फक्त हातातलं काम चालवायचं.

आपल्या शाळेत एका खोलीत चार वर्ग बसायचे. मास्तर दुसरीला गणित देऊन चौथीकडे वळायचे आणि दुसरी आपली आपण चालायची. तेव्हापासून मला सोपवलेल्या कामाचं कौतुक आहे. एकदा नीट सोपवलं की मागे वळून बघायला नको. हे यंत्र मी त्या विश्वासाने लिहिलं आहे, आणि मला विचारशील तर त्यात एक प्रकारची भक्ती आहे.

तरीही तुझ्या समाधानासाठी मी ऑफिसात वीस वेळा चाचणी घेतली. सिस्टरच्या नावाने यंत्र चालू केलं, बटण दाबलं, बझर थरथरला. वीसपैकी वीस. यापेक्षा जास्त काय करू, सांग.

तुझा भाऊ

———

२९ जून

पंतोजी,

भक्ती पोचली.

काल चौकशीचे कागद माझ्या हाती आले. त्यात तुमच्या कंपनीचा अहवाल आहे. "यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालली. हाक वेळेवर पोचली. त्रुटी मानवी आहे." तारीख दहा जून. खाली सही आहे. सही ओळखीची वाटली. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवून तिला टिंब द्यायची खोड चौथीत कुणाला होती, आठवत होते. मग आठवलं.

म्हणजे मला "मोकळेपणी सांगून टाक" असं बारा तारखेला लिहिताना तू दहा तारखेलाच सांगून मोकळा झाला होतास. एक माणूस तीन वाक्यं समितीला देतो आणि देवाचा हवाला बहिणीला देतो. वाटणी चांगली आहे.

रागावून मी फार लिहीत नाही. दोनच गोष्टी.

एक. यंत्र बंद-चालू करायची सवय मलाही होती. आठ जूनला दोन वाजता मी पडद्यावर माझं नाव घातलं आणि हात स्विचकडे गेला. वर कागद दिसला. दुसऱ्या कुणाचा असता तर मी वाचलाही नसता, आमच्या वॉर्डात सूचनांचे कागद वाऱ्यासाठीच लावतात. पण अक्षर तुझं होतं. म्हटलं, आपल्या पोराने एवढं शिकून लिहिलंय, ऐकावं. हात मागे घेतला.

दोन. तुझ्या त्या वीस चाचण्यांत एकदा तरी दुपारचे दोन वाजले का?

ताई

———

१० जुलै

ताई,

अकरा दिवस उत्तर दिलं नाही. त्यातले पहिले दोन तुझ्या पत्राचा राग करण्यात गेले. तिसऱ्या दिवशी तुझा दुसरा प्रश्न कळला.

नव्हते वाजले. एकदाही नाही. मी प्रत्येक चाचणीला यंत्र नव्याने चालू करत होतो. तीन महिने तुमचा वॉर्डही तेच करत होता. आमच्या यंत्राने जन्मात कधी ड्युटीबदल पाहिलाच नव्हता. पहिला पाहिला तो आठ जूनला, माझ्या कागदाच्या आशीर्वादाने.

मग मी यंत्र सकाळपाळीच्या सिस्टरच्या नावाने चालू केलं आणि बंद न करता पडद्यावर दुसरं नाव घातलं. टेबलावर दोन बझर ठेवले. बटण दाबलं. पडद्यावर नोंद उमटली, दुसऱ्या सिस्टरला हाक गेली म्हणून. आणि टेबलावर थरथरला तो पहिलीचा बझर. मावशीला सांग, तो भुंगा नव्हता.

झालं ते असं. मेथड खाटेपासून सोडवून दुसऱ्याच्या हाती दिली की ती एकटी जात नाही. ज्या क्षणी सोडवली त्या क्षणाची खाट बरोबर बांधून नेते. खरी खाट नव्हे, तिची नक्कल. सकाळी यंत्र सुरू झालं तेव्हा जी सिस्टर होती तिचं नाव त्या नकलेवर कोरलं गेलं. दुपारी तू पडद्यावर नाव बदललंस ते खऱ्या खाटेवर. नोंद लिहिणारा भाग खऱ्या खाटेकडे बघून तुझं नाव लिहीत होता, आणि बटण नकलेकडे बघून घरी गेलेल्या सिस्टरला बोलावत होतं. मी बटणाला खाटेचा पत्ता द्यायला हवा होता. किंवा काम मोकळंच ठेवून, बटण दाबलं जाईल तेव्हा "आत्ताची खाट ही घे" म्हणायला हवं होतं. दोन्ही वाटा भाषेत आहेत. दोन्ही मी नवीन लोकांना दर वर्षी शिकवतो, आणि त्यांना बजावतो की इथे चुका होतात.

ती ओळ माझी आहे. कंपनीची नव्हे, माझी. हे मला पहिल्याच पत्रात लिहिता आलं असतं, मी "आमचं हाकयंत्र" लिहिलं.

मी आमच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, दार लोटलं आणि म्हणाले, "चूक हा शब्द वापरू नका. विशिष्ट परिस्थितीतलं वेगळं वर्तन म्हणा." मी म्हटलं, "साहेब, रोज दुपारी दोन वाजतात. ही विशिष्ट परिस्थिती कशी?" ते म्हणाले, "तुम्ही भाविक माणूस आहात, तुम्हाला हे शब्द जमणार नाहीत. मी लिहितो." त्यांनी लिहिलंय, "उपलब्ध माहितीवरून नेमकं कारण सांगता येत नाही." एवढं दिलं की समिती तुला तोंडी ताकीद देऊन कामावर परत घेईल, असं ते मेट्रनशी बोलून आले आहेत. तुझं काम टिकेल, माझंही. मला ते वाक्य फार वाईट वाटलं नाही. तुला चालेल का?

तुझा भाऊ

———

१२ जुलै

पंतोजी,

आधी मला तुझा धडा पाठ झालाय का ते तपास. सकाळी कुणीतरी माझ्या वॉर्डाचा फोटो काढला आणि बटणाच्या हातात दिला. बटण बिचारं दिवसभर फोटोतल्या बाईला हाका मारत राहिलं, आणि नोंदवहीवाला खिडकीतून खरा वॉर्ड बघून लिहीत राहिला की मी ऐकत नाही. बरोबर? एवढं समजायला मला एक पत्र लागलं. तुला लागलं एक निलंबन आणि एक हाड.

आता तुझ्या साहेबांचं वाक्य. चालेल का विचारतोस. ताकीद घेऊन जगायला मला काही अडचण नाही. तीस वर्षांत डॉक्टरांच्या चुकांच्या ताकिदी मी घेतल्या आहेत, त्यात आणखी एक तुझ्या चुकीची. पण "नेमकं कारण सांगता येत नाही" हे तू सात नंबरच्या आजींना जाऊन सांगशील? ती आता हाडांच्या वॉर्डात आहे. निलंबित असले तरी पेशंटला भेटायच्या वेळेत मला कुणी अडवत नाही, म्हणून परवा गेले होते. तिने तोंड भिंतीकडे केलं. तिच्या मुलीने विचारलं, "सिस्टर, खरं सांगा, तुम्ही ऐकलं होतं ना?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मशीनमध्ये तर लिहिलंय." मशीनमध्ये लिहिलंय, मशीनवर लिहिलंय, दोन्हीकडे अक्षर माझ्या भावाचं.

समिती मला दोषी ठरवो नाहीतर हार घालो. त्या बाईने मरेपर्यंत असं समजायचं का, की ती तीनदा बोलावत होती आणि मी ऐकून आले नाही? मला तेवढंच नको आहे. बाकी तू आणि तुझा साहेब वाटून घ्या.

मामीचा फोन आला होता. "तो जेवत नाही," म्हणाली. जेव. उपाशी माणसाच्या सहीला वजन येत नाही.

ताई

———

१५ जुलै, दुपारी
दवाखान्याच्या आवारातल्या बाकावरून

ताई,

तू आत आहेस आणि मी बाहेर. समितीने मला साडेनऊला बोलावलं होतं, तुला अकराला. समोर आलो असतो तर तुझ्याकडे बघता आलं नसतं, म्हणून मागच्या जिन्याने उतरलो. कागदावरच बोलायचं ठरलं आहे, तेव्हा हे पत्र मावशीजवळ ठेवून जातो. मघाशी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच का ते भुंग्याचे साहेब?" मी हो म्हटलं.

अहवालाबद्दलचं तुझं पत्र आल्यापासून मी रोज सकाळी देवापुढे बसायचा प्रयत्न केला. डोळे मिटायचो, नाव घ्यायचो, आणि काहीच होत नव्हतं. काल लक्षात आलं की मी देवापुढे जो माणूस नेऊन बसवतो तो नऊ जूनचा आहे. दहा तारखेला सही केलेला माणूस बाहेर चपलांपाशी उभा राहतो. काल त्याला आत घेतलं. फार वेळ लागला नाही. दोन वाक्यांत काय ते ठरलं.

साहेबांना सकाळी आठलाच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही कंपनीच्या वतीने बोलू शकत नाही." मी म्हटलं, "माझ्या वतीने बोलतो." ते म्हणाले, "मग उद्या कोणत्या खुर्चीत बसणार?" मी फोन ठेवला.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी बरोबर ऑफिसातलं यंत्र नेलं होतं आणि दोन बझर. मेथड, फंक्शन, नक्कल, सगळं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच मिनिटाला त्या म्हणाल्या, "तुम्ही फार छान शिकवता. आता एका वाक्यात सांगा, हाक सिस्टरपर्यंत पोचली होती की नाही?"

"नाही," मी म्हटलं. "आणि ती माझ्यामुळे पोचली नाही."

त्यांनी माझा दहा जूनचा अहवाल पुढे सरकवला. "आणि हे?"

"हे मी न तपासता लिहिलं. मला खात्री होती."

"कशाची?"

"माझी."

त्यावर एक सदस्य हसले, मग त्यांना वाटलं हसायला नको होतं. मी यंत्र चालू केलं, नाव बदललं, बटण दाबलं. चुकीचा बझर पाचही जणांच्या समोर टेबलभर थरथरत फिरला आणि पाण्याच्या पेल्याला जाऊन टेकला. मेट्रनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. अध्यक्षबाईंनी सफाईवाल्या मावशींचा जबाब लिहून घ्यायला सांगितलं, तोही पहिल्या पानावर. मी जुन्या अहवालावरची सही मागे घेतल्याचं लिहून दिलं, पडद्यावर डकवलेल्या कागदाबद्दलही लिहिलं, की यंत्र बंद करू नये म्हणून मीच सांगितलं होतं आणि तू ऐकलंस. खाली सही केली.

तिथून हाडांच्या वॉर्डात गेलो. आजी टेकून बसल्या होत्या, मुलगी केस विंचरत होती. मी कोण ते सांगितलं. मग सगळं सांगितलं. खाट, नक्कल, ड्रॉवर. वाटलं, समजणार नाही. मुलीने कंगवा खाली ठेवला होता. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तिला ऐकूच गेलं नाही?"

"नाही, आजी. ती बारा नंबरला ड्रेसिंग करत होती. तिच्या खिशात काही वाजलंच नाही."

"जन्मभर मी मापं घेतली," त्या म्हणाल्या. "पोरगी वाढते हे शिंप्याला ठाऊक असावं लागतं. जुन्या मापावर झगा कोण शिवतं?"

मी म्हटलं, "मी शिवला."

मला वाटलं आता रागावतील, आणि मी तयार होतो. पण त्यांनी मुलीला सांगितलं की सिस्टर बाहेर आल्या की त्यांना इथे घेऊन ये. मग माझ्याकडे वळल्या.

"तीनदा बटण दाबलं मी," त्या म्हणाल्या. "आलास तू. तेही सदतीस दिवसांनी."

मी हो म्हटलं, आणि त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसलो.

तुझा भाऊ